दोन वर्षांनी आई बाहेर पडली, ती केकी मूस यांच्या घरी

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं आई घराबाहेर पडली ती फक्त दवाखान्यासाठी. त्यात काचबिंदू. चाळीसगावला कलादालन बघायला जाऊ म्हटलं तर म्हणाली, "माले कोठे दिखस आते!"

तिचा नकार नुसता डोळ्यांमुळे नव्हता. मागे एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात आम्ही तिला नेलं होतं. तिथे रॅम्प होता, पण त्याच्या तोंडाशी मोटरसायकली लावलेल्या. तासभर ती बाहेर झाडाखाली बसून राहिली आणि आम्ही पाळीपाळीने आत जाऊन आलो. ते मला आजही बोचतं. म्हणून या वेळी आधी फोन केला, घडीची चाकांची खुर्ची आणि भिंग घेतलं, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधला आणि धुळ्याहून सकाळीच निघालो. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि आई.

रेल्वे स्टेशनजवळचा हा जुना बंगला म्हणजे छायाचित्रकार कैखुश्रू माणेकजी ऊर्फ केकी मूस यांचं घर. जन्म मुंबईचा, 2 ऑक्टोबर 1912चा. इंग्लंडला कलेचं शिक्षण घेऊन ते चाळीसगावला परतले आणि 31 डिसेंबर 1989 रोजी जाईपर्यंत, म्हणजे जवळपास 50 वर्षं, या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. छायाचित्रं, चित्रं, लाकडातलं कोरीवकाम, कागदकाम, सगळं इथेच झालं.

जुन्या घरात उंबरठे आलेच. खुर्ची उलटी फिरवायची, मोठी मागची चाकं आधी वर घ्यायची, मग पुढची. धसमुसळेपणा केला तर बसलेल्या माणसाचा जीव घाबरतो. आईने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. आत गेल्यावर सोडले.

एक गोष्ट मला तिथेच कळली. चित्रं उभ्या माणसाच्या नजरेला येतील अशी टांगतात. खुर्चीत बसलेल्याला खालून बघावं लागतं आणि काचेवर उजेडाची तिरीप येते. आईला फक्त पांढरा डाग दिसत होता. मी तिच्याशेजारी गुडघ्यावर बसले तेव्हा मलाही तेच दिसलं. खुर्ची हातभर मागे घेऊन जरा तिरपी लावली आणि चित्र उघडलं! यानंतर प्रत्येक भिंतीपाशी मी आधी तिच्या उंचीवर जाऊन बघत होते.

मूस यांचं खरं नाव झालं ते टेबलटॉप छायाचित्रांमुळे. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, कॅमेरा त्यांच्याच पातळीवर खाली आणायचा, उजेड नेमका टाकायचा. शेजारी मोजायला दुसरं काही नसलं की डोळा फसतो आणि वीतभर मांडणी अख्खा मुलूख वाटू लागते. लेकीला हे सांगितलं मात्र, ती आजीची दुभाषी झाली. "आजी, इथे अंधार आहे. इथून उजेड येतो. हे झाड आहे ना, ते खरं एवढुस्सं असेल," म्हणत तिने आजीच्या तळहातावर बोटाने झाड काढलं. आई भिंगातून बघायची, मग हात पुढे करायची, पुन्हा काढ म्हणून. एकेका छायाचित्रापाशी पाच-पाच मिनिटं गेली. आम्ही सगळं दालन बघू शकलो नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. लहान मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर चार चित्रं नीट बघावीत.

मुंबईहून येणाऱ्या मेलने एक मैत्रीण येईल म्हणून मूस रोज वाट बघत, अशी एक गोष्ट गावात सांगतात. ती मी आईला सांगितली. तिला त्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप वाटलं. "हाऊ माणूस पन्नास वरीस घरमाच ऱ्हायना?" तिने दोनदा विचारलं. मग बराच वेळ गप्प. घरात बसून राहण्याचं तिला काय सांगायचं आम्ही? पण टेबलाएवढ्या जागेत त्यांनी जे उभं केलं, त्याच्याकडे ती ज्या नजरेने बघत होती ती नजर मी दोन वर्षांत पाहिली नव्हती.

दुपारी गाडीत बसवून खुर्ची डिकीत टाकली. भाकरी खाऊन झाली. मी गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागणार असं धरून चालले होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "आते कोठे जानं शे?"

पाटणादेवीचं देऊळ तिथून 18 किलोमीटर. नवऱ्याने काही न बोलता गाडी तिकडे वळवली.