तुम्ही विचारलंत म्हणून: दहा दिवसांत होईल का?

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलेय हे कळलं की लोक आधी बूट विचारतात, मग खर्च, आणि शेवटी हळूच मुद्द्यावर येतात. "रजा दहाच दिवस आहे. बसेल ना तेवढ्यात? आम्ही दर रविवारी सिंहगड करतो हो!"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही बसणार.

ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लापासून बेस कॅम्प साधारण ६५ किलोमीटर. पट्टीचा ट्रेकर एवढं अंतर तीन-चार दिवसांत सहज कापेल, आणि घोटाळा तिथेच होतो. लुक्ला आहे २,८६० मीटरवर, बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर! सह्याद्रीने पाय तयार होतात, रक्त नाही. रक्ताला वेळच द्यावा लागतो.

म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज साधारण पाचशे मीटरच वर न्यायची आणि तीन-चार दिवसांनी एकाच गावात दोन रात्री काढायच्या. फाकडिंग एक रात्र, नामचे दोन, तेंगबोचे एक, डिंगबोचे दोन, मग लोबुचे, आणि बेस कॅम्पआधीचा शेवटचा मुक्काम गोरकशेप. आठवा दिवस इथेच उजाडतो. उतरायला आणखी तीन-चार.

माझ्या पहिल्या खेपेला आयोजकांनी डिंगबोचेचा दुसरा दिवस कापला होता. आम्ही खूश, एक रजा वाचली! लोबुचेला संध्याकाळी शेणाच्या गोवऱ्यांच्या शेगडीभोवती सगळे बसलो होतो. समोर डाळभात, आणि मी नुसताच चिवडतेय. डोकं दुपारपासून ठणकत होतं. कोणाला बोलले नव्हते. आमचे गाइड दाइ (नेपाळीत दादा) माझ्याकडे नाही, ताटाकडे बघत होते. मग त्यांनी मला बाहेरच्या बोळात नेलं आणि फळीच्या रेघेवर टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला मी भिंत धरली. "दिदी, तल जाऔं." खाली जाऊ या. सकाळी बघू, असं मी म्हणून पाहिलं, पण त्यांनी तोवर माझी सॅक उचललीही होती.

हेडलँपच्या उजेडात फेरिचेपर्यंत उतरलो, सुमारे सहाशे मीटर. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. वसंतात आणि शरदात, ट्रेकिंगच्या दोन्ही हंगामांत डॉक्टर असतात. सकाळी उठले तर डोकं हलकं, आणि भूक अशी की दोन वाट्या लापशी संपवली. माझा ग्रुप त्या दिवशी बेस कॅम्पला पोचला. मी फेरिचेत कपडे वाळत घातले.

दुसऱ्या खेपेला म्हणूनच मी पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारल्या. नामचे आणि डिंगबोचेला दोन-दोन रात्री आहेत का? आणि एकाला खाली न्यायची वेळ आली तर बाकीच्यांसोबत दुसरा गाइड आहे का? "तशी वेळ येत नाही" असं उत्तर मिळालं, की मी फोन ठेवायचे. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सबद्दल डॉक्टरांशी बोला जरूर, पण ती गोळी घेऊन दिवस वाचत नाहीत.

बाकीचं भराभर सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल-मे गाठा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा परवाना मोंजोला तपासतात. सार्क देशांतल्या लोकांना त्यात सवलत आहे. हेलिकॉप्टरचा खर्च देणारा विमा काढा आणि तो किती उंचीपर्यंत चालतो ते बारीक अक्षरात वाचा. नामचेच्या वर मांसाहार टाळा: खुंबूत, म्हणजे या सगळ्या भागात, जनावर मारत नाहीत, मटण खालून पाठीवर येतं, आणि किती दिवसांचं असतं ते विचारू नये. डाळभात मात्र हवा तितका वाढून देतात.

आणि शेवटी दोन दिवस मोकळे ठेवा. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची, तीही उतारावर. ढग आले की विमानं बंद. हंगामात बरीचशी विमानं काठमांडूहून नाही, रामेछापच्या मंथलीहून सुटतात. म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीत.

सिंहगड वाया नाही जाणार. नामचेचा शेवटचा चढ जवळपास आतकरवाडीच्या वाटेएवढाच आहे. फक्त आता रविवारी घड्याळ लावू नका. मागच्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश चढा. हे आपल्याला फार जड जातं.

आणि रजा खरंच दहाच दिवस असेल, तर नामचेला दोन रात्री राहा, तेंगबोचेच्या गोम्पापर्यंत, म्हणजे बौद्ध मठापर्यंत, जा आणि परत फिरा. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसतच नाही. तेंगबोचेहून, आकाश मोकळं असेल तर, शेजारच्या ल्होत्से शिखराच्या धारेमागे दिसतं, आणि उजवीकडे अख्खं आमा दब्लम शिखर.