बर्फावरचे बोंबार्दिए

मुंबईत पश्चिम रेल्वेने जाणाऱ्यांसाठी ‘बंबार्डियर’ म्हणजे २०१५ साली आलेली पांढरी-जांभळी लोकल. इकडे क्विबेकमध्ये, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात, लोक ‘बोंबार्दिए’ म्हणतात, आणि ते एका गॅरेजवाल्याचं आडनाव आहे.

जोझेफ-आर्माँ बोंबार्दिए, जन्म १९०७, गाव वालकूर. पंधराव्या वर्षी या पोराने जुन्या फोर्डचं इंजिन आणि मागे पंखा लावून बर्फावरची गाडी पळवली. बापाने ती लगेच मोडायला लावली. (बाप सगळीकडे सारखेच.) १९३४ च्या जानेवारीत त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्होन अपेंडिक्सने आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गेलेले, हॉस्पिटल गाठता आलं नाही, मूल गेलं. बर्फगाडीचा नाद त्याला आधीपासूनच होता, पण इथला हिवाळा सोसल्यावर वाटतं, त्यानंतर त्या कामाला वेगळीच धार आली असणार. १९३७ मध्ये त्याला दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. सात माणसं बसतील अशा त्याच्या गाड्या डॉक्टर घेऊ लागले, टपालवाले घेऊ लागले. १९४२ मध्ये कंपनी उभी राहिली.

मग १९४८ मध्ये सरकारने खेड्यातले रस्तेही हिवाळ्यात साफ ठेवायचं ठरवलं आणि गिऱ्हाईक आटलं. लोकांची सोय झाली आणि याचा धंदा बसला! तो दलदलीत, जंगलात चालणाऱ्या ट्रॅक्टरांकडे वळला आणि १९५९ मध्ये त्याने एक-दोन माणसांची छोटी बर्फगाडी ‘स्की-डू’ काढली. १९६४ मध्ये तो गेला.

पुढचा पसारा वाढवला तो जावयाने, लोराँ बोदवाँने. १९७४ मध्ये माँट्रियल मेट्रोच्या ४२३ डब्यांचं काम मिळालं, १९८६ मध्ये कॅनडेअर ही विमान कंपनी घेतली. म्हणजे आडनाव सासऱ्याचं, कारभार जावयाचा. आपल्याकडे यावर किती टोमणे झाले असते!

याच आडनावाच्या पत्रकार-लेखिका दनीज बोंबार्दिए २०२३ मध्ये वारल्या. फ्रेंच भाषेसाठी त्या जन्मभर भांडल्या, आणि ठाम बोलण्यात कुणाला ऐकायच्या नाहीत.

कंपनीची मात्र वाटणी झाली. रेल्वेचा धंदा २०२१ मध्ये अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीने घेतला. मूळ कंपनी आता फक्त बिझनेस जेट बनवते. स्की-डूवाली शाखा २००३ मध्येच वेगळी झाली, तिचं नाव बीआरपी. बर्फगाडीच्या वाट्याला आडनावातला नुसता ‘बी’ आला, मुख्यालय मात्र अजून वालकूरलाच आहे.