कोलंबियात कुत्र्यालाही ‘अहो’

कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतात, टपरीवर कॉफी हवी असेल तर म्हणायचं, ‘मे रेगाला उन तिंतो?’ म्हणजे, एक काळी कॉफी भेट देता का? पैसे अर्थातच मोजावे लागतात. स्पेनमध्ये असं विचारलंत तर हा फुकट मागतोय असं वाटेल, आणि तिथे ‘तिंतो’ म्हणजे रेड वाइन. मी पुण्यात क्लास लावून शिकलेलं स्पॅनिश स्पेनचंच. ‘मला कॉफी द्या’ हे त्यातलं सरळसाधं वाक्य, पण इथल्या कानांना तो हुकूम वाटतो.

बोगोता 2,600 मीटर उंचीवर. ढगाळ, गार हवा, आणि माणसंही वरवर गार. पण लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक जण अनोळखी लोकांना ‘बुएनास’, म्हणजे नमस्कार, म्हणतो. शेजारच्या टेबलावर कुणी जेवत असेल तर जाता जाता ‘बुएन प्रोवेचो’, म्हणजे सावकाश होऊ द्या. न बोलता शिरलात तर कुणी काही म्हणणार नाही, फक्त बघतील.

खरी मजा ‘उस्तेद’ची. क्लासमध्ये हिशेब सोपा होता: ‘तू’ म्हणजे चक्क आपलं तू, आणि ‘उस्तेद’ म्हणजे तुम्ही. बोगोतात मात्र सख्खे भाऊ एकमेकांना उस्तेद म्हणतात, नवरा-बायको म्हणतात. दोन पुरुष मित्रांनी एकमेकांना ‘तू’ केलं तर जुन्या वळणाच्या लोकांना ते जरा नाजूकच वाटतं. बागेत एक गृहस्थ आपल्या कुत्र्याला दटावत होते, तेही उस्तेद लावून. आपल्याकडे आजी आजोबांना जन्मभर ‘अहो’ म्हणत आली, पण आजोबा कधी ‘अगं’च्या पुढे सरकले नाहीत. इथे ‘अहो’ दोन्ही बाजूंनी चालतं, आणि त्यानं माणसं लांब जात नाहीत. मला हे फार आवडलं.

उत्तरेला बोयाका प्रांतात गेलं की याच्याही पुढची पायरी. तिथल्या तुन्हा शहराच्या बाजारात रुआना, म्हणजे लोकरीचं जाड पांघरूण, अंगावर घेतलेली बटाटेवाली मला म्हणाली, ‘सुमेर्से, किती देऊ?’ मूळ शब्द ‘सु मेर्सेद’, वसाहतीच्या काळात नोकरांनी मालकाला लावायचा. आता मालक-नोकर मागे पडले आणि शब्दात नुसती माया उरली. तीच बाई शेजारी खेळणाऱ्या नातवालाही सुमेर्सेच म्हणत होती.

मेदेयीनला हवा ऊबदार आणि भाषा सैल. तिथे ‘तू’च्या जागी ‘वोस’, मित्रांना ‘पार्से’, आणि दुकानदारीण कुणालाही ‘मि आमोर’, म्हणजे माझ्या प्रिया. गैरसमज करून घेऊ नये, ती रांगेतल्या सगळ्यांनाच म्हणते. 1995 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचा या शहराला भारी अभिमान. डब्यात खाणं नाही, फलाटावर कचरा नाही, याला ते ‘कुल्तुरा मेत्रो’ म्हणतात. 2004 पासून डोंगरावरच्या वस्त्यांना केबल कारही जोडलेली आहे. तिच्यात समोर बसलेल्या आजींनी माझ्या हातातला मोबाइल बघून बजावलं, ‘पपई देऊ नका हं!’ पपई देणं म्हणजे चोराला आयती संधी देणं. मोबाइल मुकाट्यानं खिशात गेला.

एवढ्या अदबीत नकार मात्र हुडकावा लागतो. बोगोतातल्या आमच्या लॉजवर गरम पाणी येईना. काउंटरवरचा मुलगा कळवळून म्हणाला, ‘के पेना कोन उस्तेद.’ तुमच्यापुढे मेल्याहून मेल्यासारखं झालंय, असा त्याचा सूर. पाणी कधी येईल? ‘आओरिता.’ आओरिता म्हणजे आत्ता, थोड्या वेळानं किंवा कधीतरी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच आधी विचारलं, रात्री झोप कशी लागली, थंडी नाही ना वाजली? मी म्हटलं, छान लागली. आंघोळ गार पाण्यानंच केली.