पायऱ्यांचे मार्क

आप्पा बारावीच्या गणिताचे बोर्डाचे पेपर तपासायचे, तेव्हा आमच्या घरात लाल शाईचं राज्य असायचं. उत्तर चुकलं पण पायऱ्या बरोबर असल्या, तर पाचापैकी साडेतीन. नुसतंच बरोबर उत्तर असलं तर एक. तो एकसुद्धा नाइलाजाने. "हे उत्तर शेजारच्या बाकावरून आलंय," असं म्हणत ते पुढचा पेपर ओढायचे.

निवृत्त होऊन ते साताऱ्याहून माझ्याकडे पुण्यात आले, तेव्हा माझं जॉब टायपिंगचं छोटं दुकान होतं. एक पीसी, ६४० के मेमरी, पिवळट अक्षरांचा मॉनिटर आणि धुळीसाठी आईने शिवलेलं कव्हर. १९९१ साली अमेरिकेतला मामेभाऊ सुट्टीला आला आणि त्याने एक फ्लॉपी हातात ठेवली. "डिराइव्ह. बीजगणित करतं. आकडेमोड नव्हे हं, बीजगणित."

मला ते खरं वाटेना. क्ष आणि य हाताळायचे तर अमेरिकेतल्या एमआयटीत केलेल्या मॅक्सिमा (Macsyma) प्रोग्रॅमसारखं प्रचंड काही लागतं, असं कुठंतरी वाचलेलं. नुकतंच आलेलं मॅथेमॅटिका हे गणिताचं सॉफ्टवेअरही आमच्या डब्याच्या आवाक्याबाहेरचं. आणि हे होनोलुलूच्या डेव्हिड स्टाउटमायर आणि अल्बर्ट रिच या दोघांनी केलेलं, एका फ्लॉपीत मावणारं, ५१२ के मेमरीत चालणारं. त्याआधी सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी म्यूमॅथ नावाचा प्रोग्रॅम याहूनही किरकोळ मशीनवर चालवून दाखवला होता. जोंधळ्यावर शिवाजी काढणाऱ्या माणसांची जात ही.

पडद्याच्या तळाशी आज्ञांची रांग होती. गणित लिहायचं तर 'ए' दाबायचा, म्हणजे 'ऑथर'. क्षचा वर्ग लिहिला की आपण लेखक! आज्ञेतलं मोठ्या लिपीतलं अक्षर दाबलं की ती आज्ञा चालायची, पण 'एस' सिम्प्लिफायने आधीच रुमाल टाकून धरलेला, म्हणून बिचाऱ्या सॉल्व्हला मधलं 'एल' मोठं करून बसवलेलं. मूव्हचंही तसंच, तिथे 'व्ही' मोठा. एसटीत उशिरा चढलेल्यांना जिथे मिळेल तिथे टेकावं लागतं, तसं.

मी आधी भाव खाल्ला. दोनाचा शंभरावा घात मागितला. एकतीस आकडी संख्या अख्खी समोर आली, शेवटच्या आकड्यापर्यंत. आप्पा चहा पीत म्हणाले, "पाढे पाठ आहेत. पुढे?"

मग त्यांनीच वही घेतली आणि चार प्रश्न काढले. पाच-पाच मार्कांचे.

पहिला अगदी पोरकट: एक तृतीयांश अधिक एक सप्तमांश. माझा कॅलक्युलेटर यावर शून्य पॉइंट चार सात सहा करत बसायचा. डिराइव्हने सरळ दहा एकविसांश लिहिलं. आप्पांनी कप खाली ठेवला. अपूर्णांकाला अपूर्णांक म्हणून राहू देणारं यंत्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. पाचापैकी पाच.

दुसरा त्यांचा लाडका. क्षचा चौथा घात अधिक ४, अवयव पाडा. यात चार क्षवर्ग मिळवायचा आणि लगेच वजा करायचा असतो, की समोर वर्गांची वजाबाकी उभी राहते. दरवर्षी अर्धा वर्ग या प्रश्नात गारद व्हायचा. मी 'एफ' दाबला, म्हणजे 'फॅक्टर'. दोन कंस आले, दोन्ही बरोबर. तळाशी किती सेकंद लागले तेही छापलेलं.

"चार क्षवर्ग मिळवला कुठे?"

"आत केलं असेल, आप्पा."

"आत कुणीही करतो. कागदावर दाखव म्हणावं. घड्याळ दाखवायची मात्र हौस आहे." एक मार्क.

तिसरा संकलनाचा. क्षवर्ग गुणिले ई-चा क्ष घात. खंडशः संकलन दोनदा करावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी चिन्ह हमखास चुकतं. यंत्राचं चुकलं नाही. पण शेवटी संकलनाचा स्थिरांक, तो अधिक सी, नव्हता. मी हळूच बघितलं, तर आप्पांचं पेन आधीच तिथे पोचलं होतं. एकातला अर्धा कापला.

चौथा प्रश्न म्हणजे सापळा होता. क्षच्या वर्गाचं वर्गमूळ किती? पोरं बिनधास्त क्ष लिहितात. क्ष ऋण असला तर काय, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. डिराइव्हने क्षच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेघा मारल्या: केवल मूल्य. आप्पा खुर्चीतून अर्धवट उठले. "अरे, याला कुणीतरी नीट शिकवलंय." हवाईतल्या त्या दोघांना एवढी शाबासकी दुसऱ्या कुणी दिली असेल असं मला वाटत नाही. ऑस्ट्रियाने आपल्या शाळांसाठी देशभराचा परवानाच घेतला म्हणतात, तो वेगळा.

पुढे महिनाभर दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की आप्पा ते कव्हर काढायचे. घडी घालून बाजूला ठेवायचे आणि मग आधी वहीत गणित पुरतं सोडवून, पानावर हात ठेवून यंत्राला विचारायचे. उत्तर जुळलं की मान हलवायची. यंत्राकडून शिकायचं काही त्यांच्या मनात नव्हतं, ते त्याचा पेपर तपासत होते. मला मात्र तेव्हा वाटायचं, म्हातारा हट्टी आहे, उत्तर मिळतंय ना!

कॅलक्युलेटर बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९९९ मध्ये डिराइव्हची कंपनी घेतली. २००३ च्या सहाव्या आवृत्तीत डिराइव्ह सरळरूप देताना पायऱ्या दाखवायला लागलं, कुठला नियम लावला त्यासकट. ते कळवायला आप्पा नव्हते. २००७ मध्ये डिराइव्हच बंद झालं.

परवा माळा आवरताना ती वही सापडली. चार प्रश्न, लाल शाई, शेवटी गोल करून बेरीज: २० पैकी साडेअकरा. खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात शेरा आहे: 'हुशार आहे. लिहिण्याचा कंटाळा.'