नव्याण्णव लाख खेळ

मे महिन्यात नागपुरात दुपारी पोरांना घरात डांबायचं तर काहीतरी आमिष हवंच. नव्वदच्या दशकात आमच्या महाल भागातल्या घरी ते काम बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, आणलेल्या व्हिडिओ गेमनं केलं. कूलर आणि गेम एकाच बोर्डावर. कूलरची मोटर सुरू झाली की टीव्हीवर मुंग्या यायच्या, आणि मारिओ नेमका तेव्हाच खड्ड्यावर असायचा.

आता हे खेळ नव्यानं मिळतात. निन्टेंडो या जपानी कंपनीनं 2016 मध्ये आपलं जुनं गेमचं यंत्र तळहातावर मावेल एवढं करून पुन्हा विकायला काढलं, आत 30 खेळ. एका मित्राकडे खेळून पाहिलं. चित्र लख्ख, हवा तिथे खेळ थांबवून ठेवायची सोय. तरी ओळख पटेना. पटणार कशी? अस्सल निन्टेंडो आम्ही पाहिलं होतं कधी! आमच्याकडे होती ती जपानात 1983 साली आलेल्या फॅमिकॉमची, म्हणजे निन्टेंडोच्याच यंत्राची, नक्कल. कॅसेटवर छापलेलं '9999999 इन 1'. आत मोजके खेळ, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. फसवणूक झाली असं कुणाला वाटलंही नाही. एक मावसभाऊ तर यादीच्या तळापर्यंत जायचं व्रतच घेऊन बसलेला. "खाली एखादा तरी नवा असन ना बे!" (तसं पाहिलं तर 1985 च्या अस्सल मारिओतही ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. कॅसेटमध्ये जागाच तेवढी होती.)

बदकं मारायची बंदूक मात्र नक्कल असूनही कमाल होती. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला की बदक पडलं. म्हणजे बंदुकीतून काही सुटतच नव्हतं, तीच पडद्याकडे बघत होती! हे सगळं गणित पिक्चर ट्यूबच्या वेगावर बसवलेलं. सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, त्यामुळे ती बंदूक तिथे आंधळी. अर्धा खेळ टीव्हीतच होता, आणि टीव्ही आम्ही कधीच भंगारात दिला.

बर्डीच्या फुटपाथवर तसले नकली गेम अजून दिसतात. डबा नवा, यादीत तेच खेळ वेगवेगळ्या नावांनी. घ्यायचाच झाला तर मी तोच घेईन, आणि दुकानदारानं सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करीन.