मुंगीएवढ्या अक्षरांचा मेनू

आमचं दुकान उदगीरला. झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, लग्नपत्रिकांचं डीटीपी. गेल्या उन्हाळ्यात जुन्यातला एक लॅपटॉप घेतला. १५.६ इंची, ४के स्क्रीन. पत्रिका तयार करायला विंडोज आणि बाकी कामाला उबंटू (विंडोजसारखीच, पण फुकटातली सिस्टीम), असं दोन्ही टाकलं. बॅटरी मेलेली होती, म्हणून स्वस्तात मिळाला. पण लाईट गेली की लॅपटॉप बंद, आणि इकडं लाईट दिवसातून चारदा जाते.

सकाळी दुकान अण्णा उघडतात. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. चालू करताना विंडोज की उबंटू असं विचारणारा जो मेनू येतो, त्यातली अक्षरं मुंगीएवढी. अण्णांनी शक्कल लढवली: मोबाईलवर फोटो काढायचा आणि तो मोठा करून वाचायचा. वाचून होईपर्यंत दहा सेकंद संपायचे आणि आपोआप उबंटू सुरू व्हायचं. "अरं, ह्याला घाई कामून एवढी?" असा फोन मला रोज.

आधी मी उबंटूच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले २०० टक्के केला. आतलं सगळं मोठं झालं, मेनू होता तसाच. होणारच. तो मेनू दाखवतो ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम, आणि ग्रब चालतो तेव्हा उबंटू अजून उठलेलाच नसतो. त्याचा स्वतःचा फॉन्ट १६ पिक्सेल उंच. ३८४० बाय २१६० च्या ह्या स्क्रीनवर ती उंची दीड मिलीमीटरही भरत नाही. एका ओळीत ४८० अक्षरं मावतात म्हणजे बघा.

ग्रबची सेटिंग ईटीसी फोल्डर, त्यात डिफॉल्ट फोल्डर, आणि त्यात ग्रब नावाच्या फाईलमध्ये असते. तिथं जीएफएक्समोडची, म्हणजे मेनू किती पिक्सेलांत दाखवायचा त्याची, ओळ सापडली, ६४० बाय ४८० लिहिलेली. पिक्सेल कमी, तेवढी अक्षरं मोठी. मी तिचं १०२४ बाय ७६८ केलं, बदल लागू करायची सुडो अपडेट-ग्रब ही कमांड चालवली, रीस्टार्ट केलं. काही नाही. परत केलं. काही नाही. तासभर डोकं खाल्ल्यावर दिसलं, ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह तसंच होतं. हॅश असलं की ती ओळ नुसती टीप, मशीन ती वाचतच नाही. शाळेत मास्तरांनी छडी मारावी अशी चूक.

हॅश काढल्यावर अक्षरं मोठी झाली, पण आडवी ताणलेली, पुसट. मेनूवर सी दाबून व्हिडिओइन्फो टाईप केलं, की मशीनला चालणारी मापं दिसतात. माझ्याकडं १०२४ च्या पुढं थेट ३८४०, मधलं काहीच नाही.

मग माप मूळचं ३८४० चंच ठेवून फॉन्टच मोठा केला. ग्रब-एमकेफॉन्ट नावाची कमांड असते. तिला देजावू सॅन्स मोनो ह्या फॉन्टची फाईल आणि ३६ हा आकार दिला, तयार झालेली फाईल बूटमधल्या ग्रबच्या फॉन्ट फोल्डरात ठेवली आणि सेटिंगच्या फाईलमध्ये ग्रब फॉन्ट म्हणून तिचा पूर्ण पत्ता लिहिला. जीएफएक्समोडला परत हॅश. पुन्हा अपडेट-ग्रब, तो विसरायचा नाही. मेनू अगदी ठसठशीत.

त्यानंतर उबंटू चालू होताना कधी काळ्या पडद्यावर ओळी सरकतात, त्या अजून बारीकच होत्या. ते ग्रबचं काम नाही, कन्सोलचं, म्हणजे उबंटूच्या त्या नुसत्या अक्षरांच्या पडद्याचं. सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप ही कमांड चालवून टर्मिनस फॉन्ट, १६ बाय ३२ निवडला. ह्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

आता अण्णा चष्मा न लावता विंडोज निवडतात. फक्त मेनूतलं सगळंच वाचता यायला लागलंय. परवा विचारत होते, "ते ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स लिहिलंय, ते दाबलं तर काय होतं रं?" मी म्हटलं, अण्णा, ते सोडून काहीही दाबा.