नागपूरचे ऊन आणि शरीरातले पाणी

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत चढला की ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला रोज कानावर पडतो. सल्ला चांगलाच आहे, पण उन्हात राबणाऱ्यांसाठी तो अपुरा आहे असे मला वाटते आणि त्याचे कारण आपल्या संप्रेरकांच्या कामात आहे.

घामावाटे पाणी गेले की रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते. ही वाढ अवघी एक-दोन टक्के असली तरी मेंदूतील हायपोथॅलॅमसला ती कळते आणि तेथे तयार होऊन पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात साठवलेले व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रक्तात सोडले जाते. ते मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकांपर्यंत पोहोचले की तेथील पेशींच्या आत राखून ठेवलेली अ‍ॅक्वापोरिन ही प्रथिने पेशींच्या पृष्ठभागावर येतात आणि त्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून, लघवीवाटे जाऊ पाहणारे पाणी पुन्हा रक्ताकडे वळते. अ‍ॅक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातून लघवी होते ती एरवी दीड लिटरच्या आसपास, यावरून किती पाणी परत घेतले जाते याची कल्पना यावी. उन्हातून आल्यावर लघवी थोडी आणि गडद पिवळी होते, ती याचमुळे. तरीही युरियासारखे टाकाऊ पदार्थ बाहेर टाकण्यासाठी रोज निदान अर्धा लिटर पाणी खर्चावेच लागते. त्याखाली व्हॅसोप्रेसिनचाही इलाज चालत नाही.

आता मिठाविषयी. भर दुपारी रस्त्याच्या कामावर असलेल्या मजुराचा सदरा पाठीवर वाळला की त्यावर पांढरे, वेडेवाकडे पट्टे उमटतात. ते घामातले मीठ असते. मिठातले सोडियम आणि रक्ताचे आकारमान घटू लागले की मूत्रपिंडातून रेनिन हे विकर स्रवते, त्याच्या क्रियेने रक्तात अँजिओटेन्सिन हे संप्रेरक तयार होते आणि त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडतात. हे संप्रेरक लघवीतले आणि घामातलेही सोडियम वाचवते, त्यामुळे काही दिवस उन्हाची सवय झालेल्या माणसाचा घाम कमी खारट होतो. मात्र खूप घाम गाळून केवळ साधे पाणी पीत राहिल्यास, रक्ताचे आकारमान टिकवण्यासाठी व्हॅसोप्रेसिन स्रवतच राहते, पाणी धरून ठेवले जाते आणि रक्तातील सोडियम आणखी पातळ होत जाते. म्हणून अशा कामावर मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा ओआरएस हवेच.

घरातल्या वृद्धांची मला अधिक काळजी वाटते. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते आणि मूत्रपिंडेही व्हॅसोप्रेसिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीत, त्यामुळे कूलरसमोर बसलेल्या आजीने ‘तहान नाही’ म्हटले तरी तिच्या हाती ठरावीक वेळाने पेला द्यावा. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, अथवा लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल, तर पाणी आणि मीठ किती घ्यायचे हे उन्हाळा तापण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.